मोरगावात माध्यान्ह कधी?

घड्याळात बारा वाजले की सूर्य डोक्यावर येतो, हा समज पक्का आहे. मोरगावात तसं होत नाही. आपली घड्याळं 82.5 अंश रेखांशावर लावलेली. मोरगाव साधारण 74.3 अंशांवर. फरक 8.2 अंशांचा, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. म्हणजे मयूरेश्वराच्या गावी माध्यान्ह सुमारे तेहतीस मिनिटं उशिरा. ऋतूनुसार ती सव्वाबारा ते पाऊण अशी पुढेमागे सरकते.

तेव्हाही सूर्य रोज थेट डोक्यावर नसतो! तसं वर्षातून दोनदाच घडतं: मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि जुलैअखेरीस, तेही ढग नसतील तर दिसणार. मंदिरासमोरच्या दगडी नंदीची सावली त्या वेळी त्याच्या पोटाखालीच राहते. 21 जूनला तर सूर्य माथ्यापासून पाच अंश उत्तरेकडे असतो. मीटरभर काठी उभी केली तर नऊ सेंटिमीटरची सावली दक्षिणेला पडते. मुलांना हे जरूर करून दाखवावं.

आणि उन्हाळा सूर्य जवळ आल्याने होत नाही. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, ऐन थंडीत.