परीकथांचे संकलन आणि पुनर्कथन

परीकथा म्हटले की आपल्यापुढे सिंड्रेला, हिमगौरी आणि जर्मनीतील ग्रिम बंधू उभे राहतात. परंतु मुलांसाठी गोष्टी गोळा करण्याच्या या जागतिक उद्योगात आपल्या दख्खनचाही वाटा आहे, आणि तो एका आयेने उचललेला आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

१८६५-६६ च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर दख्खनच्या दौऱ्यावर निघाले. त्यांची कन्या मेरी हिच्या सोबतीला अ‍ॅना लिबराता डिसूझा ही आया होती. मेरीने तिला गोष्टी सांगण्याचा आग्रह धरला. अ‍ॅनाचे घराणे मूळचे लिंगायत. आजोबांच्या काळात ते ख्रिस्ती झाले. धर्म बदलला, पण आजीच्या गोष्टी घरातच राहिल्या. त्यांतील २४ गोष्टींचा 'ओल्ड डेक्कन डेज' हा संग्रह १८६८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पोपटात प्राण ठेवणारा जादूगार आहे, वाघाला गाढव समजून बांधणारा कुंभार आहे, आणि जिची एक सपाता डोंगरावरून खाली पडून राजपुत्राच्या हाती लागते अशी सोदेवाबाईही आहे. १६९७ साली फ्रान्समध्ये पेरोने छापलेली सिंड्रेला येथे सहज आठवते.

मेरीची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. ती ऐकताना टिपणे करी, मग गोष्ट लिहून काढी आणि अ‍ॅनाला वाचून दाखवून तपशील बरोबर असल्याची खात्री करून घेई. शिवाय अ‍ॅनाची जीवनकहाणीही तिने पुस्तकात घातली. याउलट ग्रिम बंधूंनी १८१२ पासून १८५७ पर्यंतच्या आवृत्त्यांत कथांवर पुष्कळ हात फिरविला. 'हॅन्सेल आणि ग्रेटेल' मधील सख्खी आई पुढे सावत्र झाली, ती अशीच.

यावरून एक भेद स्पष्ट होतो. संकलन म्हणजे ऐकले तसे जपणे. पुनर्कथन म्हणजे समोरच्या मुलांना रुचेल असे पुन्हा सांगणे. पुनर्कथन करणाऱ्याने भाषा सोपी करावी, पाल्हाळ गाळावा. परंतु तीनदा येणारी आवृत्ती, राक्षसाची भीती आणि शेवटचा न्याय यांना धक्का लावू नये. आणि हे स्वातंत्र्य घेण्याआधी मूळ कथा कोठेतरी जशीच्या तशी लिहिलेली असावी. ए. के. रामानुजन यांनी जमविलेल्या कन्नड कथांचा संग्रह त्यांच्या निधनानंतर १९९७ साली निघाला. कथा वेळीच टिपल्या होत्या म्हणूनच हे शक्य झाले.

आपल्या लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यात मराठी, हिंदी आणि गोंडी शेजारी शेजारी नांदतात. एकच गोष्ट येथे घराघरांत वेगळे शब्द लेवून येते. ती सांगणारी पिढी थकत चालली आहे, आणि न लिहिलेली कथा सांगणाऱ्याबरोबरच जाते. विद्यार्थिमित्रांनी सुट्टीत एक वही करावी. सांगणाऱ्याची परवानगी घेऊन नाव, गाव, भाषा व तारीख लिहावी. बोलीतला शब्द 'शुद्ध' करू नये. आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवावे. मुलांसाठी ती गोष्ट सजविण्याचे काम नंतरही करता येईल. ऐकण्याचे काम मात्र लांबणीवर टाकता येणार नाही.