संश्लेषित रबर उद्योग, भारतातील

खनिज तेल, कोळसा किंवा अल्कोहॉल यांपासून मिळणाऱ्या साध्या रेणूंचे बहुवारिकीकरण करून (अनेक लहान रेणू जोडून प्रचंड रेणू बनवून) रबरासारखे स्थितिस्थापक पदार्थ तयार करण्याचा हा उद्योग भारतात १९६३ मध्ये उत्तर प्रदेशातील बरेली येथे सुरू झाला. स्टायरीन–ब्युटाडाइन रबर हा त्यातील प्रमुख प्रकार होय. त्यात साधारणतः तीन भाग ब्युटाडाइन व एक भाग स्टायरीन असते.

जर्मनीत व अमेरिकेत हा उद्योग युद्धाच्या गरजेतून वाढला. जपानने १९४२ मध्ये मलाया जिंकल्यावर अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा पुरवठा तुटला आणि शासनाच्या खर्चाने तेथे अल्पावधीत कारखाने उभे राहिले. भारताजवळ केरळातील रबराचे मळे होते. परंतु वाढत्या टायर उत्पादनास ते अपुरे पडू लागले व आयातीसाठी परकीय चलन दुर्मिळ होते.

बरेलीचा कारखाना सिंथेटिक्स अँड केमिकल्स लि. या कंपनीने किलाचंद उद्योगसमूहाच्या पुढाकाराने आणि अमेरिकेतील फायरस्टोन कंपनीच्या सहकार्याने उभारला. त्याची वार्षिक क्षमता ३०,००० टन होती. त्या वेळी देशात नाफ्त्याचे भंजन करणारा मोठा कारखाना नव्हता. साखर कारखान्यांची मळी मात्र मुबलक होती. म्हणून मळीपासून मिळणारे एथिल अल्कोहॉल हाच ब्युटाडाइनाचा आधार ठरला. अल्कोहॉलाच्या एका भागाचे ॲसिटाल्डिहाइड करून त्याची उत्प्रेरकाच्या सान्निध्यात उरलेल्या अल्कोहॉलाशी विक्रिया केली असता ब्युटाडाइन मिळते. तथापि या विक्रियेत अल्कोहॉलाच्या वजनाचा बराच भाग पाण्याच्या व हायड्रोजनाच्या रूपाने निघून जातो. एक टन ब्युटाडाइनास सैद्धांतिक हिशेबानेही सु. १·७ टन अल्कोहॉल लागते. प्रत्यक्षात त्याहून अधिक. एक टन मळीपासून सु. २२५ लिटर अल्कोहॉल मिळते असे धरल्यास, कारखाना पूर्ण क्षमतेने चालविण्यासाठी केवळ ब्युटाडाइनाकरिता वर्षाला दोन लाख टनांहून अधिक मळी हवी. उसाचे पीक घटले की मळी घटे आणि रबराचे उत्पादन मंदावे. पेय मद्याचे उत्पादकही याच अल्कोहॉलाचे गिऱ्हाईक होते, आणि राज्यांना मद्यापासून मिळणारे उत्पन्न मोठे असल्याने या स्पर्धेत रबराची बाजू लंगडी पडे.

औद्योगिक अल्कोहॉलावर शुल्क बसविण्याचा राज्यांचा अधिकार याच कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये अमान्य केला. (२०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने तो निर्णय फिरविला, पण तोपर्यंत कारखाना इतिहासजमा झाला होता.) १९९१ नंतर आयात खुली होत गेली, १९९३ मध्ये मळीवरील केंद्रीय किंमत-नियंत्रण उठले आणि महाग कच्चा माल व लहान क्षमता या दोहोंच्या कात्रीत बरेलीचे उत्पादन त्या दशकाच्या अखेरीस बंद पडले. कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न त्यानंतरही दीर्घकाळ सुटला नाही.

दुसरा मार्ग बडोद्याने दाखविला. तेथे इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनने १९७८ च्या सुमारास पॉलिब्युटाडाइन रबराचे उत्पादन सुरू केले. नाफ्त्याच्या भंजनात एथिलिनाबरोबरच ब्युटाडाइन सहोत्पादन म्हणून मिळते, त्यामुळे त्याचा खर्च इतर उत्पादनांत वाटला जातो. अल्कोहॉल मार्गाला ही सोय नाही. पुढील मोठे प्रकल्पही याच आधारावर उभारले गेले : पानिपत येथे इंडियन ऑइल, तैवानची टीएसआरसी व जपानची मारुबेनी यांच्या भागीदारीचा १·२ लाख टन क्षमतेचा (२०१३) आणि हाजिरा येथे रिलायन्सचा १·५ लाख टन क्षमतेचा (२०१४). बरेली बंद पडल्यापासून पानिपत सुरू होईपर्यंतच्या काळात टायर उद्योगाला या रबरासाठी मुख्यतः आयातीवर विसंबावे लागले.

जगात संश्लेषित रबराचा खप नैसर्गिक रबराहून अधिक आहे. भारतात प्रमाण उलटे आहे. ट्रक व बस यांच्या जड टायरांत नैसर्गिक रबर कमी तापते म्हणून ते पसंत केले जाते, आणि भारतीय टायर उद्योगात अशा टायरांचा वाटा मोठा आहे. शिवाय केरळातील रबर बहुतांशी लहान शेतकरी पिकवितात. त्यामुळे आयात शुल्काच्या प्रत्येक बदलावर मळेवाले व टायर उत्पादक परस्परविरोधी मागण्या मांडतात. टायरांच्या आतील अस्तरास लागणारे, हवा न झिरपू देणारे ब्युटिल रबर दीर्घकाळ आयात होत असे. जामनगर येथे रशियाच्या सिबूर कंपनीच्या भागीदारीत त्याचा कारखाना उभारण्यात आला. एथिलीन–प्रोपिलीन जातीचे रबर मात्र बहुतांशी परदेशांतून येते.