किडनीसाठी रुग्णालय निवडताना

जोडीदाराच्या किडनी प्रत्यारोपणासाठी केंद्र निवडताना नावलौकिकाइतकंच अंतरही पाहा. प्रत्यारोपणानंतर टॅक्रोलिमस हे औषध बहुतेकांना आयुष्यभर घ्यावं लागतं. त्याची रक्तातली पातळी सकाळच्या गोळीआधी तपासतात. म्हणजे गोळी खिशात ठेवून पहाटेची एसटी धरायची. सुरुवातीच्या महिन्यांत तर वारंवार.

मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी नाव रुग्णालयामार्फतच विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीच्या यादीत लागतं. महाराष्ट्रात या समित्या मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत.

किडनी तुम्हीच देणार असाल, तर पती-पत्नी अवयव प्रत्यारोपण कायद्याने ‘जवळचे नातेवाईक’. तरी विवाहाचा दाखला आणि लग्नातले फोटो लागतात. तुमची किडनी जुळली नाही, तर कायद्यातल्या २०११च्या दुरुस्तीमुळे दुसऱ्या जोडप्याशी अदलाबदल करता येते. तशी सोय तिथे आहे का, हे प्रत्यारोपण समन्वयकाला पहिल्याच भेटीत विचारा.