पान आधी, मूळ नंतर

मागच्या हिवाळ्यात मी अंजिराच्या दोन काड्या कुंडीत लावल्या होत्या. तीन आठवड्यांत पोपटी पानं फुटली. शेजारीपाजारी दाखवून झाली, आणि महिना भरायच्या आत दोन्ही काड्यांनी मान टाकली. उपटून पाहिलं तर खाली मुळाचा धागासुद्धा नव्हता. मूळच नाही तर ती पानं आली कशाच्या बळावर, हे मनातून जाईना. म्हणून या डिसेंबरात मराठवाड्यातल्या कळंबजवळच्या एका लहान रोपवाटिकेत गेले.

सकाळचे सात वाजले होते. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. रोपवाटिकेतल्या तापमापकावर ९ अंश. भोवती हरभरा आणि तूर, आणि मधोमध तुराट्यांचा कमरेएवढा मांडव, वर उसाचं पाचट. त्याखाली काळ्या पिशव्यांच्या रांगा.

तिथं काम करणाऱ्या मावशी अंजिराची फांदी तोडत होत्या. पेन्सिलीएवढी जाड, वर्षाच्या आतली पण पिकलेली फांदी. तिची वीत-सव्वा वीत लांबीची, चार-पाच डोळ्यांची काडी करायची. बुडाचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ, शेंड्याचा तिरपा, म्हणजे लावताना उलटी होत नाही. काप बसताच पांढराशुभ्र चीक भरून आला आणि त्याबरोबर वास. ओल्या खोबऱ्यासारखा, थोडा हिरवट. तो वास दिवसभर माझ्या ओढणीला राहिला. मावशींनी मात्र बोटांना फडकं गुंडाळलं होतं. "चीक लागला की कातडी सोलती," म्हणाल्या. चीक थांबेपर्यंत काड्या सावलीत ठेवायच्या, मग पोयटा, वाळू आणि कुजलेल्या शेणखतानं भरलेल्या पिशवीत दोन डोळे मातीत जातील अशा खोचायच्या.

मी माझ्या मेलेल्या काड्यांची गोष्ट सांगितली. मावशींना नवल वाटलं नाही.

"पान बगून हुरळायचं न्हाई, ताई. काडी आपलंच खाऊन पान काढती. पंचेचाळीस दिस हात लावायचा न्हाई."

काडी आपलंच खाते. एवढं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. फांदीत साठलेल्या अन्नावर डोळा फुटतो. मुळाला त्याहून जास्त दिवस लागतात, आणि माती गार असली की ते आणखी रेंगाळतं. दुपारच्या उन्हानं वरचे डोळे जागे होतात, खाली पिशवीत मात्र रात्रीचा गारठा बसलेला असतो. कळंबच्या थंडीत काडीचा घात होतो तो इथं.

महाराष्ट्रात अंजीर म्हटलं की पुरंदर आठवतं, आणि ते योग्यच आहे. २०१६ मध्ये त्या अंजिराला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मराठवाड्यालाही दौलताबादच्या अंजिराची परंपरा आहे, 'दिनकर' हा वाण त्यातूनच निवडलेला. कोरडी हवा या झाडाला मानवते. दमट हवेत पानांवर तांबेरा येतो. वाढलेल्या झाडाला आपल्याकडची थंडी फारसं काही करत नाही. न्यूयॉर्कला स्थायिक झालेले इटालियन लोक बर्फापासून वाचवायला अंजिराचं अख्खं झाड गुंडाळून ठेवत, काही जण तर वाकवून चरात पुरत. कळंबला जपायचं ते या वीतभर काडीला.

आभाळ निरभ्र असलं की रात्री जमिनीची ऊब वर निघून जाते. पाचटाचं काम ती अडवण्याचं. सूर्य वर आला की पाचट सारायचं, दिवस कलताना पुन्हा पसरायचं, रोज. बांधावर धूरही करतात, पण मावशींचा भरवसा पाचटावर, आणि मला ते पटलं. वारा फिरला की धूर शेजारच्या रानात जातो, पाचट जागेवर राहतं. फळबागेला थंडीत रात्री पाणी द्या, हा सल्ला सगळ्यांना ठाऊक आहे. पिशवीतल्या बिनमुळाच्या काडीला मात्र ते जीवघेणं. पाणी ओढायला मूळ नाही, बूड भिजत राहतं आणि कुजतं. मावशी बोट खुपसून माती बघतात, कोरडी लागली तरच झारी. माझ्या कुंडीत मी रोज पाणी घातलं होतं.

पंचेचाळीस दिवसांनी, जानेवारीत, पुन्हा गेले. मावशींनी सगळ्यात तजेलदार, चार पानांची पिशवी उचलली, काडी हलकेच हलवली आणि बाजूला ठेवली. नखानं बुडाची साल खरवडली. काळं. वासही नव्हता. शेजारच्या काडीला एकच पान, तेही चुरगळलेलं. मावशींनी पिशवी उलटी धरली. तळाच्या भोकातून पांढरं मूळ, नखाएवढं, बाहेर डोकावत होतं. मी बोट पुढं केलं तशी त्यांनी माझा हात धरला.

"आत्ता न्हाई."

ऊन उतरलं होतं. पिशवी रांगेत परत गेली आणि आम्ही दोघींनी मिळून पाचट पसरायला घेतलं.