तांबी मोफत, पण खाडा कोण सोसणार?

भोसरी एमआयडीसीतल्या कंपन्यांत पॅकिंग आणि जुळणीच्या कामावर अनेक महिला ठेकेदारामार्फत लागतात. सरकारी रुग्णालयात तांबी, म्हणजे कॉपर-टी, मोफत बसवली जाते. पण ओपीडी सकाळची आणि शिफ्टही सकाळची. खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी बुडते. मग पाळणा लांबवण्याचा विचार ‘पुढच्या महिन्यात बघू’वर जातो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या विवाहित महिलांपैकी ३७.९ टक्के महिलांची नसबंदी झाली होती. तांबी वापरणाऱ्या फक्त २.१ टक्के. म्हणजे कायमचा उपाय सर्रास, पण दोन मुलांत अंतर ठेवणारा खात्रीचा उपाय दुर्मीळ.

तांबी शुक्रजंतूंना निष्प्रभ करते. ‘३८०ए’ प्रकारची तांबी दहा वर्षे चालते, ‘३७५’ पाच वर्षे. शंभर महिलांमध्ये वर्षभरात एकीलाही दिवस जाण्याची शक्यता कमीच. काढल्यावर लगेच गर्भधारणा होऊ शकते. ती पोटात वर सरकते, ही भीती अनेकींना असते. प्रत्यक्षात ती गर्भाशयातच राहते. गर्भाशयाला इजा होणे फार क्वचित घडते. पहिले तीन ते सहा महिने मात्र पाळीत रक्तस्राव आणि पोटदुखी वाढू शकते. त्यामुळे ॲनिमिया असल्यास आधी डॉक्टरांशी बोलावे. ‘अंतरा’ इंजेक्शनही मोफत मिळते, पण ते दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. म्हणजे वर्षाला चार फेऱ्या.

फेरी वाचवण्याची संधी बाळंतपणातच असते. प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत किंवा सिझेरियनच्या वेळीच तांबी बसवता येते. अशी तांबी निसटण्याची शक्यता थोडी जास्त असते, म्हणून सहा आठवड्यांनी तपासणी हवी. बाळाची लसही तेव्हाच असते; दोन्ही कामे एकाच खेपेत होतात.

त्यासाठी विचारणा गरोदरपणातल्या तपासणीतच व्हावी, कळा सुरू झाल्यावर नव्हे. बाळंतपणाला माहेरी गेलेल्या महिलेने तांबीचा प्रकार आणि तारीख लिहिलेले कार्ड जपून परत आणावे, म्हणजे भोसरीतल्या डॉक्टरांना पुढची देखरेख करता येते. आणि ‘काढून द्या’ म्हटल्यावर ‘अजून थोडे दिवस राहू द्या’ असे उत्तर मिळू नये. काढण्याची खात्री असेल, तरच बसवून घेण्याचा विश्वास वाढेल.