पन्नास अधिक पन्नास बरोबर साडेशहाण्णव!

५० घन सेंटिमीटर पाणी आणि ५० घन सेंटिमीटर शुद्ध इथिल अल्कोहोल एकत्र करून नीट हलवले, तर भांडे किंचित कोमट लागते. ते पुन्हा २० अंश सेल्सिअसला येऊ द्यावे आणि मग आकारमान मोजावे. ते १०० भरत नाही, सुमारे ९६.५ घन सेंटिमीटर भरते! सांडले काही नाही. वजनही बेरजेइतकेच आहे. मग साडेतीन घन सेंटिमीटर गेले कुठे?

पाण्याचे आणि अल्कोहोलचे रेणू आकाराने वेगळे असतात. शिवाय हायड्रोजन बंधांमुळे ते एकमेकांना धरून ठेवतात. एकत्र आल्यावर त्यांची मांडणी बदलते आणि ते अधिक दाटीवाटीने बसतात. वजन तेच, जागा कमी, म्हणून घनता वाढते. पाण्याची घनता ०.९९८, अल्कोहोलची ०.७८९. सरासरीने मिश्रणाची ०.८९४ यायला हवी, प्रत्यक्षात येते सुमारे ०.९२६.

हा फरक किरकोळ वाटेल, पण अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारला तो पैशात मोजावा लागला. मद्यावरचा कर त्यातल्या अल्कोहोलच्या प्रमाणानुसार बसवायचा होता आणि प्रमाण घनतेवरून ओळखायचे होते. उष्णतेने द्रव प्रसरण पावतो व त्याची घनता घटते, त्यामुळे उन्हाळ्यात तेच मद्य अधिक तीव्र भासे! सरासरीचे गणित येथे उपयोगाचे नव्हते. चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी १७९० मध्ये या प्रश्नावर अहवाल दिला. जॉर्ज गिल्पिन यांनी अनेक मिश्रणांची घनता निरनिराळ्या तापमानांना मोजली आणि त्यांची कोष्टके १७९४ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १८६५ मध्ये मेंडेलीव्ह यांनी आपला डॉक्टरेटचा प्रबंध अल्कोहोल आणि पाणी यांच्या संयोगावरच लिहिला.

आता दुसरा गुण पाहू या, श्यानता. श्यानता म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध. घनता आणि श्यानता यांची गल्लत करू नका. गोडे तेल पाण्यापेक्षा संथ वाहते, तरी पाण्यावर तरंगते!

२० अंशांना पाण्याची श्यानता १.० आणि अल्कोहोलची १.२ मिलिपास्कल-सेकंद असते. मिश्रणाची किती असेल? एक आणि सव्वा यांच्या मध्येच कुठेतरी, असे तुम्ही म्हणाल. मौज अशी की, आपल्या मिश्रणाची श्यानता भरते जवळजवळ २.९! दोन पातळ द्रव एकत्र आले आणि दोहोंपेक्षा दाट झाले.

अशा मिश्रणांचा अंदाज बांधण्यासाठी शास्त्रज्ञ समीकरणे, म्हणजेच गणिती प्रतिमाने, वापरतात. १८८७ मध्ये अऱ्हेनियस यांनी सुचवलेल्या नियमात श्यानतांची नव्हे, तर त्यांच्या लॉगरिथमची सरासरी काढतात. ती रेणूंच्या प्रमाणानुसार घेतली, तर आपल्या मिश्रणाला उत्तर येते सुमारे १.०५. म्हणजे प्रत्यक्ष श्यानता अंदाजाच्या पावणेतीन पट! १९४९ मध्ये ग्रुनबर्ग आणि निसान यांनी या नियमात आणखी एक पद मिळवले. भिन्न रेणूंच्या परस्परसंबंधांचा हिशेब त्या पदात येतो. पण त्यातला स्थिरांक प्रयोगावरूनच ठरवावा लागतो. अल्कोहोल आणि पाण्याच्या बाबतीत तर तो प्रमाणानुसार व तापमानानुसार बदलतो.

तापमान बदलल्यावर काय होते? वजनाने ४५ टक्के अल्कोहोल असलेले, म्हणजे जवळजवळ आपलेच मिश्रण घ्या. त्याची श्यानता ० अंशाला सुमारे ६.९, २० अंशांना २.९ आणि ४० अंशांना १.५ असते. अऱ्हेनियस यांच्या नियमाने येणाऱ्या उत्तराशी तुलना केली, तर ० अंशाला ती जवळजवळ चौपट, २० अंशांना पावणेतीन पट आणि ४० अंशांना दुपटीहून थोडी अधिक असते. तापमान वाढते तशी रेणूंची हालचाल वाढते, बंध सैल होतात आणि नियम व प्रयोग यांतले अंतर कमी होत जाते. म्हणजे नियम चुकला तरी ती चूक वाया जात नाही. रेणू एकमेकांना किती घट्ट धरून आहेत, हे ती सांगते.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी एक गणित करून पाहावे. केवलमान तापमानाच्या व्यस्ताशी श्यानतेचा लॉगरिथम सरळ रेषेत बदलतो, असे माना. २० आणि ४० अंशांच्या आकड्यांवरून रेषा काढा आणि ती ० अंशापर्यंत वाढवा. उत्तर ६.२ च्या आसपास येईल, खरा आकडा आहे ६.९. मोजलेल्या दोन बिंदूंच्या दरम्यान रेषेवर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. तिच्या बाहेर गेलात, तर मोजमापाला पर्याय नाही.

हाच अनुभव शाळेत घ्यायचा असेल, तर ग्लिसरीन आणि पाणी घ्या. दोन्ही समान वजनाने मिसळा. सुई नसलेल्या पिचकारीचा दट्ट्या काढून टाका, ती उभी धरा आणि ठरावीक द्रव खाली गळायला किती सेकंद लागतात ते मोजा. आधी नुसते पाणी, मग नुसते ग्लिसरीन, आणि शेवटी मिश्रण. एकदा थंड, एकदा कोमट. मात्र मिश्रणाची वेळ मोजण्यापूर्वी आपला अंदाज वहीत लिहून ठेवा आणि तो चुकला तर खोडू नका!