डॉक्टरांची एकी आणि स्पर्धेचा कायदा

एकट्या ऊस उत्पादकाच्या शब्दाला बाजारात वजन नसते, हे ओळखून विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला. ते लोणी गाव आज राहाता तालुक्यात आहे. त्याच तालुक्यात दहा-पंधरा खाटांचे रुग्णालय चालविणारा डॉक्टर विमा कंपनीपुढे तसाच एकटा असतो. दरपत्रक कंपनीचे, ते मान्य नसेल, तर यादीत नाव नाही, आणि विमेदार रुग्णाला आधी पदरचे पैसे भरावे लागतात.

अशा डॉक्टरांनी मिळून दर मागावेत, तर २००२ च्या स्पर्धा कायद्याचे तिसरे कलम आड येते. स्पर्धकांनी संगनमताने दर ठरविले की स्पर्धेस बाध आला, असे ते गृहीतच धरते. मात्र २०१० साली चार सरकारी विमा कंपन्यांनी मुंबईसह मोठ्या शहरांत ठराविक दर स्वीकारणाऱ्या रुग्णालयांपुरतीच विनारोख उपचारांची सोय ठेवली, तेव्हा एकी कोणाची होती?

तथापि सरसकट मोकळीक नको. वाढीव दर अखेर हप्त्याच्या रूपाने शिक्षक-कारकुनांच्याच खिशातून जातो. ऑस्ट्रेलियाने २०२१ पासून लहान व्यावसायिकांना एकत्रित वाटाघाटींची मुभा दिली, सामूहिक बहिष्काराची नव्हे. आपल्या कायद्याच्या ५४ व्या कलमान्वये केंद्र सरकारलाही लोकहितार्थ सूट देता येते. ती लहान रुग्णालयांपुरती द्यावी, आणि ठरलेले दर रुग्णालयाच्या दर्शनी भागी लावण्याची अट घालावी.